आपलं दळण

परदेशातून आपल्याकडे सेवा करायला येणाऱ्या पोरापोरींना पहिल्या आठवड्यात काय शिकवतात, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. बाटलीतलंच पाणी प्या. डाव्या हाताने कुणाला काही देऊ नका. रस्ता ओलांडताना हात वर करा, गाड्या थांबतात. हे शेवटचं सांगणारा गृहस्थ जन्मापासून ठाण्यात राहिलेला होता! मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, बाबा रे, तीन हात नाक्यावर तू सहा हात वर केलेस तरी कोणी थांबायचं नाही.

वर्तकनगरच्या एका जुन्या कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर त्या संस्थेने फ्लॅट भाड्याने घेतलेला. स्वयंसेवक विमानातून उतरले की पहिले काही दिवस इथे राहायचे, भारत म्हणजे काय ते शिकायचे आणि मग एकेका घरात 'कुटुंबातले' म्हणून राहायला जायचे. त्या घराला म्हणायचं यजमान कुटुंब. या सगळ्याचा संयोजक तो वरचा गृहस्थ. चाळिशीचा, खादीचा कुडता, गळ्यात ओळखपत्र आणि तोंडात कायम एकच शब्द, आपलेपणा. बाकी सगळं इंग्रजीत बोलायचा, हा शब्द तेवढा मराठीत, आणि मग त्याचा अर्थ सांगताना दोन्ही हात हवेत असे काही फिरवायचा की बघणाऱ्याला वाटावं पुरणपोळी लाटतोय. "इथल्या घरांत तुम्हाला आपलेपणा मिळेल." पोरं माना डोलवत होती. मला हसू आवरत नव्हतं. अरे, आम्हाला आमच्या घरात मिळाला नाही तो, यांना काय कुरिअरने येणार आहे?

तर मी तिथे काय करत होते? मी होते माझ्या भावजयीच्या कृपेने.

मी डोंबिवलीच्या एका शाळेत मराठी शिकवत निवृत्त झाले. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारणारे सगळे आता एक तर वारले किंवा विसरले. ठाकुर्लीला एका चाळीत आमच्या बाबांच्या दोन खोल्या होत्या. आई जाईपर्यंत तिथे मीच तिच्याजवळ होते. धाकटा भाऊ तेव्हा बायकोमुलासकट अंबरनाथला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहायचा, आणि दिवाळीला सोनपापडीचा एक बॉक्स घेऊन यायचा. तोही कोणीतरी त्याला दिलेला. पुढे चाळ पाडून इमारत उभी राहिली, दोन खोल्यांच्या बदल्यात दोन बेडरूमचा फ्लॅट मिळाला, आणि साहेब बॅगा घेऊन हजर. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मोठी बेडरूम त्यांनी घेतली, छोटी मला. त्या छोट्या खोलीत माझं कपाट, माझी कॉट, आईचं शिलाई मशीन आणि एक खिडकी. एवढा माझा संसार, आणि खरं सांगते, मला तो पुरत होता.

त्यांचा मुलगा कॅनडात शिकायला गेला आणि भावजय एकदम आंतरराष्ट्रीय झाली. मुलगा तिथे कुणाच्या तरी घरी तळघरात भाड्याने राहतो. त्यावरून तिचं रोज रडणं. "माझ्या लेकराला तळघरात ठेवलंय हो त्या बाईने! वर दोन खोल्या रिकाम्या आहेत, पण माणुसकी म्हणून नाही." हे ऐकून मलाही वाईट वाटायचं. म्हणूनच पुढचं मला अजून समजत नाही.

एके दिवशी संध्याकाळी मी वाचनालयातून परत आले तर संयोजक हॉलमध्ये चहा पिऊन उठत होता. तो गेला. जेवताना भावजय म्हणाली, "ताई, आपल्याकडे एक परदेशी मुलगी येणारे. सहा महिने."

"कशाला?"

"शहाडला मुलांच्या शाळेत शिकवायला. राहणार आपल्याकडे. यजमान कुटुंब म्हणून निवड झालीय आमची."

"झोपणार कुठे ती?"

भावजयीने माझ्या पानात वाढायला आमटीची पळी उचलली. मी मागितली नव्हती. "त्यांना स्वतंत्र खोली लागते, नियम आहे तसा. तुमची देऊ या. तुम्ही हॉलमध्ये दिवाणावर. तुम्हाला तसाही टीव्ही आवडतो."

मला टीव्ही आवडतो! ज्या घरात रात्री साडेदहापर्यंत तिच्याच मालिका चालतात म्हणून मी दार लावून बसते, त्या घरात मला टीव्ही आवडतो. मी भावाकडे पाहिलं. तो आमटीकडे बघत होता. लहानपणापासून हाच खाक्या. काही बोलायची वेळ आली की हा ताटात बघतो, जसं काही उत्तर तिथे वाढलंय. म्हण आहे ना, घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. इथे तर घोडं आपण होऊन मागवलेलं, आणि तबेला माझा.

"आणि मी त्या सरांना सांगून टाकलंय," भावजय म्हणाली, "आमच्या ताई शिक्षिका होत्या, मुलीला पहिले काही दिवस मराठी शिकवतील की. तुम्हाला काय, वेळच वेळ."

मी नाही म्हणाले नाही. का, तर माझ्या कॉटवर झोपायला कोण येतंय ते मला बघायचं होतं. आणि मनात दुसरंही एक शिजत होतं. पोरीला मराठी अशी शिकवायची, अशी शिकवायची, की पुढच्या विमानाने ती आपल्या आईकडे. भल्याभल्यांना पळवून लावेल अशी भाषा आहे आपली. इंग्रजी शाळांतली आपलीच पोरं पळाली, ही तर परकी.

म्हणून मी रोज ठाकुर्लीहून ठाण्याला आणि तिथून रिक्षाने वर्तकनगरला जाऊ लागले.

पोरगी ऑस्ट्रियाची. तेवीस-चोवीस वर्षांची, ताडमाड, आणि हात जोडायची जाम हौस. संयोजकाने नमस्कार शिकवला होता ना! वॉचमनला नमस्कार, दूधवाल्याला नमस्कार, जिन्यात बसलेल्या मांजरीलासुद्धा एकदा हात जोडताना मी पाहिलंय. अंगात ठाणे स्टेशनसमोरून घेतलेला कुडता, मानेपाशी किमतीची चिठ्ठी लोंबतेय. ती मी पहिल्याच दिवशी तोडली. बाकीचे तिघं स्वयंसेवक घोडबंदर रोडच्या टॉवरांत राहायला जाणार होते, त्यांना मराठी नको होतं. त्या टॉवरांत मराठी फक्त कामवालीशी बोलतात, आणि तेही चुकीचं. शिकायला बसायची ती ही एकटी.

मला 'बाई' म्हणायचं, हे तिला पहिल्यांदा शिकवलं; बाकी आमचं बोलणं अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. मग मी ळ काढला. काळं केळं, पिवळं फळ. चार वेळा जीभ वळवून तिने तो काढला. बरं म्हटलं, आता आकडे. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी. इथे आमच्या नववीच्या वर्गातली पोरं माना टाकायची. ही हसली आणि म्हणाली, "साठ येणार आहेत म्हणून आधीच सांगता? छान." छान काय डोंबल! मी चिडले. मग तिसऱ्या दिवशी मी ठेवणीतलं अस्त्र बाहेर काढलं.

"हे बघ," मी म्हटलं, "इंग्रजीत तुम्हाला 'आम्ही' आणि 'आपण' दोन्हीला एकच शब्द. गरीब भाषा. आमच्याकडे तसं चालत नाही. आम्ही म्हणजे मी आणि माझी माणसं, तू त्यात नाहीस. आपण म्हणजे मी, माझी माणसं आणि तूसुद्धा. आम्ही जेवतो म्हटलं तर तू बघत बस. आपण जेवू म्हटलं तर हात धुवून ये."

तिने पेन्सिल खाली ठेवली. डोळे हे एवढे. "म्हणजे प्रत्येक वेळी ठरवावं लागतं? समोरचा माणूस आत की बाहेर?"

"ठरवावं कशाला लागतंय? तोंडातून येतं ते."

"मग तोंडाला माहीत असतं," ती म्हणाली.

मी म्हटलं, पुढे चल.

पण ती पुढे चालेचना. तिला त्या दोन शब्दांचं वेडच लागलं. संध्याकाळी खाली उतरली आणि वॉचमनला विचारते, "काका, हे गेट आपलं की आमचं?" तो बिहारचा. म्हणाला, "मॅडम, गेट तो सोसायटी का है." दुसऱ्या दिवशी हे तिने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं. मग कुणाच्या तरी तोंडून 'आपल्याला काय करायचंय' ऐकून आली, आणि म्हणे, "बाई, ज्यात आपल्याला काहीच करायचं नसतं, तिथे पण आपण सगळे एकत्र?" याला मात्र मी हसले. इलाजच नव्हता. वर्तकनगरपासून कल्याणपर्यंत सगळं त्या एका वाक्यावर तर चाललंय.

मी यजमान घरातलीच, हे तिला संयोजकाने सांगितलेलं. "बाई, आपण एका घरात राहणार!" ती म्हणाली. बरोबर वापरलंन. मी नुसतं हं केलं. खोली कुणाची हे मी सांगितलं नव्हतं, आणि संयोजकाला तर ते कोणी सांगितलंच नव्हतं. त्याला भावजयीने 'गेस्टरूम' दाखवलेली, मी वाचनालयात असताना.

"मला त्या घरात काय म्हणतील?" तिने विचारलं. "आम्ही की आपण?"

"जाशील तेव्हा कळेल."

"माझे बाबा वेगळे राहतात," ती म्हणाली. "त्यांच्या घरी जायचं तर मला आधी फोन करावा लागतो. आमच्या भाषेत एकच शब्द आहे, पण मला कळतं मी कुठे आहे ते. मला इथे आपण पाहिजे."

काय ही अपेक्षा! सातासमुद्रापलीकडून हे मागायला कुणी येतं का? आणि तेही माझ्या भावजयीकडे? मी तिला सांगितलं की ठाकुर्लीला पाणी अवेळी येतं, खिडकीखालून रात्रभर मालगाड्या धडधडतात, आणि उन्हाळ्यात पंखा गरम वारा मारतो. ती म्हणाली, "चालेल." मालगाड्या तिला आवडतात म्हणे. मी कपाळावर हात मारून घेतला.

त्याच दिवशी ते झालं. ती म्हणाली, मला घरातली खरी वाक्यं द्या, पुस्तकातली नकोत. मी आपली सहज, जी कानात बसलेली होती ती सांगत गेले. आमचा फ्रीज नवीन आहे. आमची गाडी खाली लावली आहे. आमच्या मिक्सरला हात लावू नका. मग दुसरी बाजू. ताई, आपलं दळण आणायचंय. ताई, आपलं लाइटचं बिल भरायचंय. ताई, आपल्या टाकीत पाणी आलंय का, जरा गच्चीवर बघून या.

ती ऐकत होती. मग अगदी सावकाश, व्याकरणाचा नियम सापडल्यासारखी म्हणाली, "बाई, म्हणजे वस्तू असते तेव्हा आमचं. काम असतं तेव्हा आपलं?"

"तसा काही नियम नाही," मी म्हटलं.

"पण सगळ्या वाक्यांत..."

"नाही म्हटलं ना! मूर्खासारखं काहीतरी बोलू नकोस."

मी इतकी वर्षं आम्ही आणि आपण फळ्यावर लिहून शिकवत होते. पिढ्यान्‌पिढ्या पोरांना फरक विचारला, चुकलं की उभं केलं. आणि माझ्याच घरातलं वाक्य मला या कालच्या पोरीने सोडवून दाखवावं? अंगाचा तिळपापड झाला. घरी आले. चप्पल काढतेय तोवर स्वयंपाकघरातून आवाज आला, "ताई, आलात का? बरं झालं. आपलं दळण राहिलंय बघा."

डबा दाराशीच ठेवलेला. गव्हाचा, काठोकाठ. गिरण पुलाच्या पलीकडे, चढावर. मी गेले आणि घेऊन आले. येताना प्रत्येक पायरीला तो शब्द पायात येत होता.

आठवड्याच्या शेवटी त्यांची एक पद्धत होती. राहायला जाण्याआधी संयोजक पाहुण्याला यजमानांच्या घरी चहाला नेतो. दोन्ही बाजूंनी पसंती झाली की दुसऱ्या दिवशी बॅगा हलवायच्या. कांदेपोह्यांचा कार्यक्रमच, फक्त मुलीची उंची जास्त. मी त्या दिवशी वर्तकनगरहून जरा लवकर निघाले आणि त्यांच्या आधी घरी पोचले.

माझ्या खोलीला नवीन पडदा. कॉटवर नवीन चादर, वर टॉवेलाचा हंस करून ठेवलेला, हॉटेलात करतात तसा. कपाट उघडं आणि रिकामं. माझ्या साड्या दोन पिशव्यांत कोंबून हॉलमध्ये दिवाणाखाली. आईचं शिलाई मशीन बाल्कनीत, वर प्लास्टिकचा कागद आणि त्या कागदावर झाडू ठेवलेला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मशीनवर आईने आमच्या दोघांचे शाळेचे गणवेश शिवले होते, त्याचेही. मी झाडू उचलून बाजूला ठेवला. भाऊ हॉलमध्ये सोफ्याच्या उशा सारख्या करत होता. सारख्या असलेल्या उशा पुन्हा सारख्या.

"मशीन बाहेर का रे?" मी विचारलं.

"पाऊस नाही आत्ता," तो उशीला म्हणाला.

तेवढ्यात बेल वाजली.

भावजयीने ओवाळलं. साबुदाणा वडे, बाहेरून आणलेला ढोकळा, आणि इंग्रजी. "टेक, टेक! नो शाय! धिस युवर होम ओन्ली!" पोरगी पायातले बूट काढून, हात जोडून, अगदी शहाण्या मुलीसारखी उभी. मला बघून तिचा चेहरा फुलला. मग भावजयीने घर दाखवायला सुरुवात केली आणि कौतुकाने मराठीवर आली, कारण संयोजकाने सांगितलं की मुलीला आता बरंच समजतं.

"हे आमचं किचन. हा आमचा फ्रीज. ही आमची बाल्कनी. आणि ही," पडदा सारून, "आमची गेस्टरूम!"

पोरगी प्रत्येक 'आमचं' ऐकून मान हलवत होती. मला ठाऊक होतं ती काय करतेय. अभ्यास करत होती. खोलीत डोकावली, हंसाकडे बघून हसली, मग माझ्याकडे वळली. "बाई, तुमची खोली कुठे?"

"ताई हॉलमध्ये झोपतात," भावजय म्हणाली. "त्यांना आवडतं मोकळं. तसे आम्ही दोघंच आहोत. मुलगा तिकडे असतो, आणि ताई असतात आमच्याकडे."

"आमच्याकडे," पोरगी हळूच म्हणाली. मग मला, अगदी वर्गात विचारावं तसं, "बाई, म्हणजे तुम्ही यात नाही? तुम्ही बाहेर?"

भावजयीच्या हातातली वड्यांची ताटली तिथल्या तिथे. संयोजक मोठ्याने हसला, "वा, मराठी फारच छान झालंय हं!" पण माणूस अगदीच बिनडोक नव्हता. त्याची नजर दिवाणाखालच्या पिशव्यांकडे गेली, तिथून बाल्कनीतल्या मशीनकडे. "ही खोली ताईंची नव्हती ना?" त्याने भावाला विचारलं. "नाही, म्हणजे आमचा एक नियम आहे. घरातल्या कुणाची खोली काढून घ्यायची नसते."

"छे छे छे," भाऊ म्हणाला. "काढून कसली? सगळ्यांनी मिळून ठरवलंय. आपलं ठरलं होतं ना, ताई?"

आणि पोरगी खूश झाली! तिला शेवटी तिचा शब्द सापडला. संयोजकाकडे वळून, मी शिकवलेलंच तिने त्याला समजावून सांगितलं, "आपलं ठरलं. म्हणजे यात बाई पण आहेत." आणि शाबासकीसाठी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर ना, बाई? तुम्ही पण ठरवलं?"

मला फक्त हो म्हणायचं होतं. एक अक्षर. हो म्हटलं असतं तर वडे खाऊन झाले असते, दुसऱ्या दिवशी तिच्या बॅगा आल्या असत्या, आणि मी दिवाणावर पडून मालिका ऐकल्या असत्या. सहा महिने, आणि मग? भावजयीला सवय लागल्यावर त्या कॉटवर दुसरी कोणी आली असती. एकदा हॉलमध्ये गेलेलं म्हातारं माणूस परत खोलीत गेल्याचं तुम्ही कुठल्या घरात पाहिलंय?

भावाने पहिल्यांदा ताटातून, म्हणजे उशांतून, मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हो म्हण ना गं, असं होतं ते बघणं. लहानपणी काच फोडून यायचा तेव्हा आईसमोर असाच बघायचा, आणि मी म्हणायचे, माझ्याकडून फुटली. अरे मेल्या, एकदा, फक्त एकदा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन म्हणाला असतास, ताई, सहा महिने देशील का गं? तर मी दिली असती. मशीन मी स्वतः सरकवलं असतं. त्या पोरीसाठी टॉवेलाचा हंससुद्धा केला असता. विचारलं असतं तर दिली असती, हेच तर माझं दुखणं आहे.

"नाही," मी म्हणाले. "मला कुणी विचारलं नाही. ही खोली माझी आहे."

भावजय म्हणाली, "अय्या, ताई!" संयोजकाने अर्धा वडा ताटलीत परत ठेवला. मग त्याने जे काही इंग्रजी काढलं त्यात आपलेपणा हा शब्द एकदाही आला नाही. आम्ही कळवतो, म्हणाला. आम्ही. त्यालाही ते तोंडातूनच आलं.

पोरगी लालेलाल झालेली. बूट घालताना तिच्या नाड्या बांधल्या जात नव्हत्या. "बाई, मी चुकले?"

"नाही," मी म्हटलं. "तुझं बरोबर होतं. शंभरपैकी शंभर."

मी लिफ्टपर्यंत गेले. दार बंद होताना ती म्हणाली, "आपण परत भेटू?" आणि भुवया वर करून थांबली. वाक्य तपासायला दिलेलं होतं.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

तिला शहाडला एका कुटुंबाने घेतलं, शाळेच्या जवळच. तिथे तिला काय म्हणतात, आम्ही की आपण, ते मला माहीत नाही. आपणच म्हणत असतील अशी मी आशा करते, आणि आशा करण्याचा माझा स्वभाव नाही.

घरी परत आले तर भाऊ दिवाणावर बसलेला. त्याला वाचा फुटली होती. "ताई, चार लोकांत आमची शोभा केलीस."

"बघ," मी म्हटलं, "आमची. तोंडाला माहीत असतं."

त्याला काही कळलं नाही. त्याला कधीच काही कळत नाही. मी मशीन ओढत ओढत खोलीत आणलं. तो बघत होता. साड्या लावल्या, हंसाचा परत टॉवेल केला आणि त्या टॉवेलानेच मशीन पुसलं.

मग घरात अबोला. भावजय भांड्यांशी बोलायची, तेही आदळून. तिने मुलाला फोन करून सगळं सांगितलं, मी ऐकलं. मधे मधे रडणं, आणि शेवटी तळघराची चौकशी. एका सकाळी मी खोलीत वर्तमानपत्र वाचत होते, तर दाराशी धप्पकन आवाज झाला. डबा. काठोकाठ. भावजय माझ्याकडे न बघता भिंतीला म्हणाली, "ताई, दळण आणायचंय."

नुसतं दळण. ना आमचं, ना आपलं. शब्द गिळला होता बाईने.

"हो," मी म्हणाले, "आणा की."

आणि दार लावून घेतलं. बाहेर बराच वेळ कुजबूज चालली. मग चपलांचा आवाज, मग डबा उचलताना भावाचं 'आई गं'. मी खिडकीशी गेले. तो खाली उतरला, डबा खांद्यावर घेऊन गेटपाशी उभा राहिला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सात वर्षं झाली त्याला या घरात येऊन.

"काय रे," तो वॉचमनला विचारत होता, "आपली गिरण कुठे आहे?"